तीन पाट

ओसरीवर पाट तीन होते. तिन्ही सागाचे, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, पूर्वेकडे तोंड करून मांडलेले. त्यांच्यापुढे पितळी परात एक, तांब्या एक आणि धुतलेल्या धोतराचा घडी घातलेला तुकडा एक. भिंतीला लागून घागरी दोन: डावीकडची घरच्या विहिरीच्या खाऱ्या पाण्याची, उजवीकडची नदीच्या पात्रातल्या झिऱ्यातून आणलेल्या गोड पाण्याची. ओसरीचा मागचा निम्मा भाग पहिल्या वेचणीच्या कापसानं आढ्यापर्यंत भरलेला. उरलेली जागा सहा हात लांब आणि चार हात रुंद. तेवढ्या जागेत सहा मोठी माणसं आणि नऊ महिन्यांची एक मुलगी.

पाद्री दाउदरावांनी जोडे काढता काढता हे सगळं पाहून घेतलं. अमरावतीहून दमणीनं, म्हणजे हलक्या बैलगाडीनं, निघून, वाटेत दर्यापूरला एक मुक्काम करून, ते सकाळी नऊच्या सुमारास खारपिंपळला पोचले होते. रस्ताभर कापसाच्या गाड्यांनी त्यांना वाट दिली नव्हती. अंग धुळीनं भरलं होतं, तरी त्यांनी आधी पाणी मागितलं नाही. त्यांची नजर पाटांवर होती.

"खुशालराव, तुमच्या पत्रात उमेदवार दोन होते. तुमचे बंधू आणि त्यांची बायको."

"होय."

"मग हा तिसरा पाट कुणाचा?"

खुशालराव कापसाकडे पाहत राहिले. उत्तर माजघराच्या दारातून आलं. दुर्गाबाई पदरानं हात पुसत बाहेर आल्या.

"जमुनाचा," त्या म्हणाल्या. "घरचं कोनतंयी काम असो पाद्रीबुवा, मालक एकटा बसत नाई. जोडीनं बसा लागते. आमी दोघी हाओत, तं दोघीयी बसू."

"दोघी."

"हो. मी थोरली. ते तिथं पोरगी घेऊन बसली ना, ते धाकली."

दुर्गाबाईंच्या दृष्टीनं यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. गेल्या चार वर्षांत या घरात जे जे झालं, मग ते पेरणीआधी तिफणीची पूजा असो की नव्या गोठ्याचा मुहूर्त, त्यात मालकाच्या, म्हणजे पुंजारामाच्या, उजवीकडे एक आणि तिच्या शेजारी दुसरी असे पाट पडले होते. ख्रिस्ताचं पाणी घ्यायचं म्हणजेही बसावं लागणारच. काल संध्याकाळी त्यांनी स्वतः पाट घासले होते.

दाउदरावांनी तांब्या उचलला, गोड पाण्याच्या घागरीतून भरला, अर्धा प्यायले, आणि खाली ठेवला.

"आज बाप्तिस्मा होणार नाही," ते म्हणाले.

*

खुशालरावांना हे ठाऊक होतं. आज ते असं उघड्यावर येईल, एवढंच ठाऊक नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः अमरावतीत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा थोरल्या भावानं, पुंजारामानं, त्यांच्या नावानं आंघोळ केली होती. मग हळूहळू तोच भाऊ बाजाराच्या निमित्तानं येऊन ते शिकवत त्या शाळेच्या पायरीवर बसू लागला. छापील पुस्तकं नेऊ लागला. दोन वर्षांपूर्वी म्हणाला, "खुशाल, तुह्यं खरं हाय असं मले वाटून राह्यलं." आणि या पावसाळ्यात त्याच्या पायांना सूज आली. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि भरून यायला बराच वेळ लागायचा. अंजनगावच्या वैद्यानं खुशालरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की चैत्र दिसणं कठीण.

त्यानंतर खुशालरावांनी दाउदरावांना चार पत्रं लिहिली. चारही पत्रांत जमुनाचं नाव नव्हतं. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, नियम त्यांना पाठ होता: दोन बायका असलेल्या पुरुषानं धाकटीला वेगळं केल्याशिवाय त्याला पाणी द्यायचं नाही. त्यांचा हिशेब साधा होता. आधी पाणी, मग खरं सांगणं. दिलेलं पाणी कोणी परत घेत नाही.

"तुम्हाला माहीत होतं," दाउदराव त्यांना म्हणाले.

"होतं."

"आणि तुम्ही आमच्या शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवता."

"दादाजवळ दिवस थोडे आहेत, पाद्रीसाहेब." खुशालरावांची बोली अमरावतीला राहून बदलली होती, पण आवाज घरचाच होता. "नियमाला दिवस पुष्कळ आहेत."

कापसाच्या ढिगाला पाठ लावून बसलेले नत्थुजी इतका वेळ तंबाखू मळत होते. ते जमुनाचे वडील. जावई बाटतो आहे हे ऐकून ते परवा अकोटहून आले होते, आणि दोन दिवस त्यांनी या घरात शिजवलेलं काही खाल्लं नव्हतं.

"मले समजलं नाई," ते म्हणाले. "कोन्या धाकलीले येगळं कराचं?"

उत्तराची वाट न पाहता ते उठले.

"माह्या पोरीले? चार वर्सांपह्यले तुमी आमच्या दारी आलते का आमी तुमच्या? हे बाई आलती," त्यांनी दुर्गाबाईंकडे हात केला, "लुगडं घेऊन, नारय घेऊन. आता देव बदलला म्हनून लेक वापस?"

"नत्थुजी, बसा," पुंजाराम बाजेवरून म्हणाला. "तिले कोनी वापस करून नाई राह्यलं."

"मंग हे काय म्हनून राह्यले?"

"तेच इचारतो मी आता."

नत्थुजी बसले. पण हातातली तंबाखू तोंडात न टाकता विचार करत राहिले, आणि थोड्या वेळानं त्यांचा सूर फिरला. "नाईतरी," ते पाद्र्याकडे वळून म्हणाले, "तुमचं म्हननं चुकीचं नाई, बुवा. हा बाटनारच हाय तं पोरगी मी आजच घेऊन जातो. माहेरी चार दिस राहीन. तिकडं एक सोयरीक हाय माह्या पाह्यन्यात. बाटल्या घरात राह्यन्यापरीस बरं."

अशा रीतीनं दोन दिवस पाद्र्याला शिव्या देणारा माणूस पाद्र्याच्या बाजूला गेला. खुशालरावांना त्यात एक वाट दिसली, आणि ती दिसल्याची लाजही वाटली. ते म्हणाले, "दादा, नत्थुजी स्वतःच म्हणतात तर..."

"खुशाल," दुर्गाबाई म्हणाल्या, "तुमी गप राहा."

*

पुंजारामानं पाय बाजेखाली सोडले. बसल्या बसल्या त्याला धाप लागली होती.

"पाद्रीबुवा, तुमी माही परीक्षा घेनार होते. घ्या."

"आता तिचा उपयोग नाही."

"तरी घ्या. मले समजू द्या माह्याजवळ काय हाय अन् काय नाई."

दाउदराव पाटावर न बसता जमिनीवर बसले. ते मूळचे नगरकडचे. वीस वर्षांपूर्वी त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या आठवड्यात त्यांच्या सासऱ्यानं गाडी आणून मुलीला नेलं होतं. ती परत आली नाही, आणि त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. गाडी दारात उभी राहते तेव्हा घरातल्या बाईचा चेहरा कसा होतो हे त्यांना माहीत होतं. म्हणून जमुनाकडे त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

"तारण कशानं होतं?" त्यांनी विचारलं.

"येशूवर इस्वास ठेवल्यानं."

"आणि?"

"पापाचा पस्तावा. त्याच्यानंतर बाप्तिस्मा. मंग भाकर अन् द्राक्षरस, सगळ्यायसंगं, जात न पाहता."

"यातलं कुठलं नसलं तर तारण होत नाही?"

पुंजाराम विचारात पडला. "इस्वास नसला तं नाई होत. बाकीचं मले खरंच सांगता नाई येत. त्या चोराचं मले समजत नाई."

"कुठल्या चोराचं?"

"येशूच्या बाजूले जो टांगला होता. त्याले म्हनतलं का, आज तू माह्यासंगं सुखलोकात असशीन. त्याले पानी कोनं देल्लं? त्याच्या बायका कोनं मोजल्या?"

नत्थुजी हसले. "हे बरं इचारलं."

"त्याला वेळ नव्हता, पुंजारामजी," दाउदराव म्हणाले. "ज्याला वेळ आहे त्यानं आज्ञा पाळायची."

"अन् मले किती येळ हाय?"

दाउदरावांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी ताणून चकाकत होती. वैद्याचं बोलणं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, असं घरात सगळे समजत होते.

"तुमाले मनातलं सांगू?" पुंजाराम म्हणाला. "मले पान्याबिगर मराचं भेव वाटते. हे खरं हाय. रोज वाटते. पन जमुनाले त्या गाडीत बसवून मंग मी पाटावर बसलो, तं माह्या डोक्यावर पडन ते पानी कोन्या घागरीतलं म्हनाव?"

"दोघींत नियमानं थोरलीच तुमची बायको," दाउदराव हळू म्हणाले. "धाकटीला टाकून द्या असं मंडळी म्हणत नाही. तिला वेगळं घर द्यायचं, धान्य द्यायचं, कपडा द्यायचा. नवरा म्हणून तिच्याकडे जायचं नाही, इतकंच."

"इतकंच," दुर्गाबाई म्हणाल्या.

*

दुर्गाबाईंना कोणी बसायला सांगितलं नव्हतं, पण त्या मधल्या पाटावर बसल्या. हे पाणी घरात सगळ्यात आधी त्यांना हवं होतं. बावीस वर्षं मूल नाही म्हणून त्यांनी केलेले उपास, घातलेल्या प्रदक्षिणा, बांधलेले गंडे यांची मोजदाद त्यांना पाठ होती. खुशालनं जेव्हा वाचून दाखवलं, की देव उपासानं विकत मिळत नाही, त्या रात्री त्या पहिल्यांदा पोटभर जेवल्या होत्या.

"पाद्रीबुवा, यायची दुसरी मी केली," त्या म्हणाल्या. "हे तयार नोयते. मी पाच गावं फिरली. वडगावची पाह्यली, तिचे डोये मले बरे नाई वाटले. हिले अकोटले पाह्यली तं हे चुलीपाशी भाकर थापत होती अन् जळालेली भाकर सोताच्या ताटात वाढून घेत होती. मी म्हनतलं, हेच. लुगडं मी नेसवलं. यायच्या शेजारच्या पाटावर मी बसवलं. हे पाप असंन तं माह्यं हाय. त्याच्यासाठी हिले काहून घरातून काढता?"

"पाप तुम्ही अजाणता केलंत."

"मंग आता जानून दुसरं करू?"

दाउदरावांनी पुढ्यातला तांब्या बाजूला सरकवला.

"नेमच असंन ना एकीचा," दुर्गाबाई पुढे म्हणाल्या, "तं मी जाईन. माहा भाऊ हाय अंजनगावले. माह्यं काय अडलं हाय इथं? हिच्याजवळ लेकरू हाय."

"वयनी," खुशालराव म्हणाले, "तुम्ही गेलात तरी नियमानं पहिल्या तुम्हीच. तुमच्या जाण्यानं सुटत नाही."

"म्हंजे मले राहाच लागते अन् हिले जाच लागते. असा कसा नेम तुमचा? याकोबाच्या घरी दोन बहिनी बायका म्हनून नोयत्या का? त्यायच्यातली कोनती हाकलली?"

"तो जुना करार, वयनी."

"जुना असो. मानसं तं हेच होते."

*

जमुना भिंतीशी बसून शकुनला थोपटत होती. मुलगी केव्हाच झोपली होती, तरी तिचा हात थांबला नव्हता.

तिच्याबद्दल पाच जण बोलत होते. बाप तिला अकोटला नेणार होता. दीर तिला वेगळ्या घरात ठेवायला तयार होता. सवत तिच्यासाठी स्वतः जायला निघाली होती. मालकाला ती हवी होती आणि पाणीही हवं होतं. यातल्या कोणाचाही तिला राग आला नाही. तिला एका गोष्टीचं नवल वाटत होतं. परीक्षा चालली होती, आणि तिला येत असलेले प्रश्न तिला कोणी विचारत नव्हतं.

दोन हिवाळे ती रेचा या लाकडी चरकाचा दांडा फिरवत कापसातली सरकी काढत होती आणि पलीकडे कंदिलापाशी पुंजाराम मोठ्यानं वाचत होता. त्याला अक्षरं लावायला वेळ लागायचा. एकेक ओळ तो तीन-तीनदा म्हणायचा. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत ती तिला पाठ व्हायची. तो अडखळला की ती दांडा न थांबवता पुढचा शब्द सांगायची.

"बाई," ती दुर्गाबाईंना म्हणाली, "मी एक इचारू का यायले?"

"इचार ना."

तिनं पाद्र्याकडे पाहिलं. "तुमचा नेम कोनासाठी हाय? मानसासाठी का बाईसाठी?"

"म्हणजे?"

"म्हंजे नेमात काय लेयलं हाय? मले सबद सांगा."

दाउदरावांना तो नियम इंग्रजीत आणि मराठीत पाठ होता. त्यांनी सांगितला. ज्या पुरुषाला एकीहून अधिक बायका आहेत, त्यानं पहिलीखेरीज इतरांना वेगळं केल्यावाचून त्याला बाप्तिस्मा देऊ नये.

"पुरुसाले," जमुना म्हणाली.

"हो."

"मले नवरा एकच हाय. बाईलेयी एकच हाय."

नत्थुजींनी हातातली तंबाखू शेवटी तोंडात टाकली. खुशालराव नियम मनात पुन्हा सुरुवातीपासून म्हणून पाहत होते. पुंजारामानं आधी जमुनाकडे, मग दुर्गाबाईंकडे पाहिलं, आणि तो हसू लागला. हसताना त्याला खोकला आला. दुर्गाबाईंनी उठून त्याच्या पाठीवर हात फिरवला.

"जमुनाबाई," दाउदराव म्हणाले. तिला 'बाई' म्हणणारा तो त्या सकाळचा पहिला माणूस होता. "तारणाला काय लागतं?"

"तो लागते."

"कोण?"

"येशू. त्याच्याकडं पाहाच अन् हात पुढं कराचा. बाकीचं तो सांगन तसं करत जाच."

"आणि पाणी?"

"पानी त्यानं सांगतलं म्हनून. पान्यानं तो येत नाई. तो आला म्हनून पानी."

"हे कुणी शिकवलं?"

"यायनं वाचलं," तिनं पुंजारामाकडे मान केली. "मी आयकलं."

दाउदरावांनी तिला आणखी सात प्रश्न विचारले. पाचांची उत्तरं बरोबर होती, एकाचं तिला येत नव्हतं आणि एकाचं तिनं दिलेलं उत्तर त्यांना स्वतःला कधी सुचलं नव्हतं. मग त्यांनी दुर्गाबाईंना विचारले. दुर्गाबाईंची तीन चुकली.

"पोरी, तू असं करशीन तं तुले जातीत कोनी घेनार नाई," नत्थुजी म्हणाले. आवाज आता खाली आला होता.

"मले माहीत हाय, बाबा."

"तुही माय रडन."

"तिले घेऊन या इकडं. बाई तिच्यासाठी गोड पानी भरून ठेवन."

नत्थुजी बाहेर गेले, पण गाडी जुंपली नाही. बैलांपुढे कडबा टाकून ते चाकापाशी बसले.

*

दाउदराव पुंजारामाजवळ बाजेच्या काठावर बसले.

"या दोघींना मी पाणी देऊ शकतो," ते म्हणाले. "मुलीलाही, आईच्या विश्वासावर. अमरावतीला मला जाब द्यावा लागेल, तो मी देईन. पण मला नीट कळायला हवं. याचा अर्थ जमुना या घरात तुमची बायको म्हणून राहणार."

"राहीन."

"म्हणजे तुमच्यापुरता नियम तुटलेलाच राहणार. तुम्हाला मी देऊ शकत नाही. आज नाही, आणि..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"अन् चैतापर्यंत नाई," पुंजाराम म्हणाला. "मले माहीत हाय वैद्य काय म्हनतला. त्याचा आवाज मोठा हाय."

खुशालरावांनी मान खाली घातली.

"दादा, अजून वेळ आहे," ते म्हणाले. "मी साहेबलोकांना लिहितो. कुठे कुठे सूट दिलेली आहे..."

"खरं लेयजो या खेपेस," पुंजाराम म्हणाला, आणि खुशालरावांच्या मनगटावर हात ठेवला. मग पाद्र्याला म्हणाला, "एक सांगा. नेमाचं नाई, तुमचं सांगा. बिना पान्यानं मी तिकडं गेलो, तं मले आत घेईन का?"

दाउदराव इतकी वर्षं हा प्रश्न लोकांना विचारत आले होते. त्यांना तो कोणी उलटून विचारला नव्हता.

"मंडळीत उभा राहून मी म्हणेन, की ज्याला घेता येतं त्यानं बाप्तिस्मा घेतलाच पाहिजे," ते म्हणाले. "तुमच्या बाजेवर बसून सांगतो, की तुम्हाला दारात अडवलेलं मला दिसत नाही. प्रयत्न करूनही दिसत नाही."

"तुमाले दिसत नाई."

"मला. त्याच्या वतीनं मी शब्द देऊ शकत नाही."

"बरं झालं खरं सांगतलं," पुंजाराम म्हणाला. "देल्ला असता तं मले शंका आली असती."

तो बाजेचा काठ धरून उठला. दुर्गाबाई पुढे झाल्या. त्यानं हातानंच त्यांना थांबवलं. "तू बस. तुह्यी जागा सोडू नको."

"तुमी कुठं निंगाले?"

"ज्याले घेता येत नाई तो ओसरीवर काहून पाहिजे? घरचा मालक मधात बसला का लोकायले वाटन त्यानंच देल्लं." तो पायरी उतरला. खुशालरावांनी हात दिला, तो त्यानं घेतला. दोघे भाऊ अंगणातून सावकाश गेले. मध्ये दोनदा थांबावं लागलं. वखराच्या लाकडापाशी, जिथं ऊन संपत होतं, तिथं पुंजाराम बसला आणि त्यानं तोंड ओसरीकडे केलं.

खुशालराव त्याच्याजवळच राहिले.

दाउदरावांनी परात पुढे ओढली. दुर्गाबाईंनी आधी जमुनाला पुढे केलं. जमुनानं मान हलवली आणि दुर्गाबाईंचा हात धरून त्यांना परातीसमोर बसवलं. पाणी गोड घागरीतलं होतं. प्रत्येकीवर तीनदा, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. शकुन दुसऱ्यांदा पाणी पडल्यावर जागी झाली. पुंजारामानं लांबून तिचं नाव घेतलं तेव्हा तिनं आवाजाच्या दिशेला मान वळवली.

नंतर खुशालरावांनी अमरावतीला जे पत्र लिहिलं, त्यात काहीही वगळलं नाही. त्यासाठी त्यांनी ओसरीवर परत येताना अंगण पावलांनी मोजलं होतं.

बाप्तिस्मा झाला तिघींचा. पुंजाराम बसला होता त्या जागेपासून परातीपर्यंतचं अंतर एकोणीस पावलं भरलं.